खड्ड्यातली समाधी, कागदावरची रेघ

उदयपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी सत्यमूर्ती नावाच्या एका योग्याला आठ दिवस जमिनीखालच्या खड्ड्यात बंद ठेवलं. अंगाला ईसीजीच्या तारा लावलेल्या, त्यांची दुसरी टोकं बाहेरच्या यंत्राला. सुरुवातीला ठोके वाढत गेले, मिनिटाला अडीचशेच्या घरात पोचले. मग दुसऱ्या दिवशी कागदावरची लाट एकाएकी सपाट झाली. ना ठोका, ना थरथर, नुसती सरळ रेघ. ती तशीच राहिली ती थेट आठव्या दिवसापर्यंत. खड्डा उघडायला साधारण अर्धा तास उरला असताना लाटा पुन्हा उमटू लागल्या. योगी जिवंत होते, अंग गार पडलं होतं, कापरं भरलं होतं. कोठारी, बोर्डिया आणि गुप्ता या तीन डॉक्टरांनी हा सगळा प्रकार १९७३ साली 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये छापला.

ही हकीकत आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. भाविक म्हणतो, बघा, हृदय थांबवलं. चिकित्सक म्हणतो, बघा, तार काढली. गंमत अशी की मूळ निबंध लिहिणारे या दोघांपेक्षा जास्त सावध होते. तार सुटली तर ईसीजीच्या कागदावर खडबड उमटते, तशी ती उमटली नव्हती, हे त्यांनी नोंदवलं. पण हृदय आठ दिवस खरोखरच बंद होतं असं मानणंही अवघड आहे, हेही त्यांना कळत होतं. माझं स्वतःचं मत तारेच्या बाजूनं झुकतं. रक्ताभिसरण थांबलेला मेंदू मोजक्या मिनिटांत कायमचा बिघडतो, आणि खड्ड्यातला माणूस काही बर्फात गोठलेला नव्हता. पण मला या प्रयोगात खटकते ती दुसरीच गोष्ट. दावा होता समाधीचा, म्हणजे चित्ताच्या एका अवस्थेचा. मोजलं गेलं हृदय.

असं का झालं, याची कथा बरीच मागे जाते.

१८३७ साली लाहोरला, रणजितसिंहांच्या दरबारात, हरिदास नावाच्या एका साधूला पुरण्यात आलं. राजवाड्यालगतच्या बागेतली बारादरी, लाकडी पेटी, कुलूप, महाराजांची मोहोर, बाहेर पहारा. रणजितसिंह स्वतः फारसे विश्वास ठेवणारे नव्हते. म्हणूनच बंदोबस्त एवढा कडक. लुधियान्याचे इंग्रज एजंट क्लॉड वेड पेटी उघडताना हजर होते. पुरताना मात्र नव्हते, ते काही तास उशिरा पोचले, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. सुमारे सहा आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा पांढऱ्या कापडाच्या पिशवीत आखडलेला देह होता, नाडी लागत नव्हती. सेवकानं कोमट पाणी ओतलं, डोक्यावर गरम कणकेची जाड पोळी ठेवली, नाका-कानांतले मेण-कापसाचे बोळे काढले, दातखीळ उघडून जीभ पुढे ओढली, पापण्यांना तूप चोळलं. हळूहळू साधूत धुगधुगी आली.

वेडसाहेबांचं हे वर्णन पुढे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यांच्या हाती पडलं. ब्रेड म्हणजे संमोहनविद्येला आजचं वैद्यकीय रूप देणारा शल्यचिकित्सक. १८५० साली त्यांनी मानवी शीतनिद्रेवर एक छोटं पुस्तक काढलं आणि त्यात हरिदासाची साक्ष ठेवली. ब्रेड यांचा तर्क सरळ होता: अस्वल हिवाळाभर न खाता झोपतं, तर माणसाच्या देहातही तशी काही सोय दडलेली असेल. या तर्कानं पुढची शंभरेक वर्षं संशोधनाची दिशा ठरवली. समाधी म्हणजे देहाचं मंदावणं. मग मंदावणं मोजा: श्वास मोजा, ठोके मोजा, ताप मोजा. ध्यानात बसलेल्या माणसाला आतून काय होतं हा प्रश्न आपोआप मागं पडला, कारण त्यासाठी यंत्र नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाला तिकीट काढून येणारी गर्दीही नव्हती.

महाराष्ट्रात या गोष्टीला वेगळं वळण मिळालं ते लोणावळ्यात. चिक्की घेऊन पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या हजारो माणसांना कल्पना नसते की योगाला प्रयोगशाळेत आणणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक त्याच गावात आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. त्याआधी बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या क्रिया करणाऱ्यांच्या पोटाचे क्ष-किरण काढून पाहिले होते. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्यामुळेच बस्तीक्रियेत गुदद्वारातून पाणी वर ओढलं जातं, हे त्यांनी दाबमापकानं दाखवलं. त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. शोध प्रयोगशाळेतला, बारसं गुरुपरंपरेतलं.

कुवलयानंदांबद्दल मला आदर वाटतो तो त्यांच्या एका गैरसोयीच्या निष्कर्षासाठी. प्राणायामानं शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य आजही दर सकाळी कुठल्या ना कुठल्या बागेत, कुठल्या ना कुठल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकू येतं. कुवलयानंदांनी सांगितलं की संथ प्राणायामात एकूण ऑक्सिजन वाढत नाही. श्वास खोल असले तरी त्यांची संख्या घटलेली असते. प्राणायामाचं मोल दुसरीकडे शोधा, असं त्यांचं म्हणणं. योगाच्या प्रचारासाठी आयुष्य दिलेला माणूस हे छापतो, ही गोष्ट साधी नाही. आपल्याच बाजूचा लाडका दावा खोडणारे लोक आपल्याकडे कमीच.

१९३५ साली थेरेझ ब्रॉस नावाच्या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या. नाडी बंद करण्याचा दावा करणाऱ्यांच्या हृदयाचे आलेख त्यांनी घेतले. एका आलेखात लाटा जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या आणि युरोपात खळबळ उडाली. जवळपास दोन दशकं ही गोष्ट तशीच फिरत राहिली, पुस्तकांतून, व्याख्यानांतून.

ती तपासायला १९५७ साली दोघे जण आले. एक होते कॅलिफोर्नियाचे मानसशास्त्रज्ञ मॅरियन वेंगर. दुसरे बसुकुमार बागची, मिशिगन विद्यापीठातले मेंदूच्या विद्युत्-आलेखांचे जाणकार. बागचींचं पूर्वायुष्य कादंबरीला शोभेल असं आहे. 'योगी कथामृत' लिहिणाऱ्या योगानंदांचे ते बालमित्र. स्वामी धीरानंद या नावानं संन्यास घेऊन १९२०च्या दशकात ते त्यांच्यासोबत अमेरिकेत काम करत होते. मग दोघांत बिनसलं, धीरानंदांनी भगवी वस्त्रं उतरवली, डॉक्टरेट केली आणि माणसांच्या डोक्याला तारा लावण्याचं काम पत्करलं. एकेकाळी ध्यान शिकवणारा माणूस आता ध्यान मोजायला मायदेशी परतला होता. या कामाला याहून योग्य माणूस सापडला नसता. भक्तीनं भारावून जाण्याची शक्यता कमी, आणि सगळंच थोतांड म्हणून हसण्याचीही कमी.

सोबत आठ आलेख एकाच वेळी काढणारं, हलवता येईल असं यंत्र होतं. ते घेऊन त्यांनी देश पालथा घातला. लोणावळ्याच्या कैवल्यधामातही काम केलं. हृदयावर ताबा असल्याचं सांगणाऱ्या चौघांना त्यांनी तपासलं. त्यातला एक तर ब्रॉसबाईंनी तपासलेलाच होता. निष्कर्ष दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या बी. के. आनंद यांच्यासह १९६१ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आले. हृदय कुणाचंच थांबलं नाही. होत होतं ते असं: योगी श्वास रोखून धरायचा, घसा आतून बंद करायचा आणि छाती-पोटाचे स्नायू जोरात आवळायचा. छातीतला दाब वाढला की शरीरातून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. परतणारं रक्त कमी, म्हणून बाहेर ढकललं जाणारंही कमी. मनगटाला नाडी लागत नाही, आणि आवळलेल्या स्नायूंच्या घुरघुरीत छातीवरच्या नळीतून ठोकेही ऐकू येत नाहीत. ईसीजी मात्र आपला चालूच. वैद्याच्या बोटाला आणि कानाला फसवणारी ही क्रिया अनेक योग्यांना स्वतःलाही खरी वाटत असणार, कारण त्यांच्याकडे ईसीजी कुठे होता?

या दौऱ्यातली माझी आवडती नोंद मात्र हृदयाची नाही. कपाळावर हुकमी घाम आणणारा एक योगी त्यांना भेटला. बसला की दहा मिनिटांच्या आत कपाळ ओलं. हे कसं जमलं, तर हिमालयातल्या गुहांमध्ये हिवाळ्यात ध्यान करताना थंडी सोसेना, तेव्हा आपण उष्ण प्रदेशात आहोत अशी कल्पना तो करू लागला. महिनोन्महिने. अखेर देहानं ती कल्पना ऐकली. घाम आणणारी यंत्रणा आपल्या इच्छेच्या ताब्यात नसते असं शरीरशास्त्राचं पुस्तक सांगायचं, आणि इथे एक माणूस थंडीला कंटाळून ती वश करून बसला होता. हृदय थांबवण्याच्या तमाशापेक्षा मनाबद्दल यातून कितीतरी अधिक कळतं. पण यासाठी मंडप घालून कुणी गर्दी जमवणार नाही.

मंडप आणि गर्दी म्हटलं की मुंबईतली १९५० सालची घटना. रामदासजी नावाच्या योग्यानं जमिनीखालच्या काँक्रीटच्या खोलीत सुमारे ६२ तास काढले, हजारोंच्या साक्षीनं. तपासणारे डॉक्टर होते रुस्तम जाल वकील. हो, सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग पाश्चात्त्य वैद्यकापर्यंत पोचवणारे तेच. त्यांनी ही हकीकत 'लॅन्सेट'ला पाठवली आणि ती छापलीही गेली.

इथे थोडं गणित करून पाहू, कारण भूगर्भसमाधीच्या चर्चेत ते फार क्वचित केलं जातं. निवांत पडलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन वापरतो आणि १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल असा खड्डा घ्या. त्यात सुमारे २,७०० लिटर हवा मावते. पूर्ण हवाबंद असला तरी कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांवर जायला अकराएक तास लागतील. तेव्हा धाप लागते, डोकं ठणकतं, घबराट होते. ऑक्सिजन तोवर २१ टक्क्यांवरून १५वर आलेला असेल, म्हणजे लेहच्या हवेत मिळतो त्याहून थोडा जास्तच. थोडक्यात, तुमच्या-माझ्यासारखा कुणीही, घाबरला नाही आणि हातपाय झाडले नाहीत तर, अशा खड्ड्यात एक रात्र काढून सकाळी हार घालून घेऊ शकतो. कृपा करून कुणी करून पाहू नये. आणि खड्डा मातीचा असेल, वर फळ्या आणि भुसभुशीत माती असेल, तर तो हवाबंद नसतोच. मातीच्या कणांतून वायू येत-जात राहतात. अनेक दिवसांची समाधी बहुतेक वेळा या झिरपण्यावर उभी असते. जिथे ते झिरपणं नसतं, तिथे समाधी घेणारा बाहेर येत नाही; तसे मृत्यूही झालेले आहेत.

म्हणून हवाबंद पेटीतले प्रयोग महत्त्वाचे. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी दिल्लीत रामानंद योगी यांना पेटीत बंद केलं, एकदा आठ तास, एकदा दहा. त्यांचा ऑक्सिजनचा वापर नेहमीच्या विश्रांतीच्या मापाच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत उतरला. झोपेत तो एवढा उतरत नाही. तेव्हा हे काहीतरी आहे, पण अस्वलाची शीतनिद्रा नाही. लोणावळ्यातही करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्डा बांधून माणसांवर अभ्यास केला आणि १९६८ साली तो प्रसिद्ध झाला. इथे कुणाला कुणाचा जयजयकार करायचा नव्हता. खड्ड्यातली हवा तपासायची, आकडे लिहायचे. भूगर्भसमाधीची जादू नाहीशी करणारं काम योगाच्याच आश्रमात झालं, याची आठवण आपल्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीनं आणि योगवाल्यांनी, दोघांनीही ठेवायला हरकत नाही.

मेंदूकडे लक्ष वळलं ते याच सुमारास. दिल्लीच्याच त्या तिघांनी १९६१ साली समाधीत बसलेल्या चार योग्यांचे ईईजी, म्हणजे मेंदूचे विद्युत्-आलेख, प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत अल्फा नावाच्या संथ लहरी असतात. दार आपटलं, प्रकाश पडला की त्या मोडतात, कारण मेंदू दचकतो. या योग्यांच्या कानाशी आवाज केले, अंगाला तापलेली काचेची नळी लावली, अल्फा मोडेना. आणखी दोघांनी चार अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात बुडवून ठेवला, तरी लहरी तशाच. १९६६ साली जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधूंवर असाच प्रयोग केला आणि उलटं चित्र मिळालं: ठरावीक वेळानं टकटक केली की साधूंचा मेंदू प्रत्येक टकटकीला, पहिलीच असल्यासारखा, प्रतिसाद देई. सामान्य माणूस चार-पाच टकटकींनंतर सरावतो. हे सरावत नव्हते.

केवढा सुंदर फरक. योगी जगाला आत येऊ देत नाही, झेन साधू प्रत्येक क्षणाला नव्यानं दार उघडतो. दोन दर्शनांतला भेद दोन आलेखांत उतरला. ध्यानावरच्या पुस्तकांनी ही जोडी डोक्यावर घेतली. मी स्वतः ती कित्येक वर्षं मोठ्या प्रेमानं वाचत आलो आहे. पण १९८१ साली बेकर आणि शापिरो यांनी योग, झेन आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांवर टकटकीचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा गटागटांत असा काही फरक मिळालाच नाही. सगळेच सरावत होते. मूळ प्रयोगांत माणसं मोजकी होती; कदाचित त्या मोजक्यांमध्ये ते खरंच असेल. पण पुस्तकांनी पुढची बातमी फारशी मनावर घेतली नाही.

दरम्यान एक अवघड प्रश्नही पुढे आला होता: हे लोक झोपत तर नाहीत ना? १९७०मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये स्वामी राम नावाचे योगी तिथले संशोधक एल्मर ग्रीन यांच्या यंत्रांना जोडून बसले. हृदय थांबवून दाखवतो म्हणाले. आलेखात दिसलं की ते थांबलं नव्हतं. वरचे कप्पे सतराएक सेकंद मिनिटाला तीनशेच्या वेगानं फडफडत होते, त्यामुळे रक्त पुढे जात नव्हतं. हेही थोडं नाही. पण माझ्या विषयाच्या दृष्टीनं मोलाचं ते दुसरं प्रात्यक्षिक. योगनिद्रेत त्यांच्या मेंदूत डेल्टा लहरी उमटू लागल्या, ज्या गाढ झोपेची खूण मानल्या जातात. आणि त्याच वेळात खोलीत बोलली गेलेली वाक्यं त्यांनी उठल्यावर बहुतांशी बरोबर सांगितली. प्रयोग एकाच माणसावर, नियंत्रणं अपुरी. तरी प्रश्न टोकदार झाला. मेंदू झोपल्याची खूण देतो आणि माणूस ऐकतो, तर झोप म्हणायचं कशाला?

उलट बाजूही आली. १९७६ साली पगानो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की भावातीत ध्यान करणारे अनुभवी साधक ध्यानाच्या वेळेतला जवळपास ४० टक्के काळ सरळ झोपेत असतात. साधकांना राग आला. मला वाटतं, येण्याचं कारण नव्हतं. ध्यानात झोप लागते हे परंपरेला ठाऊकच आहे. सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त समाधीच्या चार विघ्नांत पहिलं विघ्न लय हेच दिलंय, म्हणजे चित्त आधार न सापडून निद्रेत बुडणं. गुरू शिष्याला बजावतो की हे शांत वाटतं म्हणून फसू नकोस. परंपरेनं झोप आणि समाधी वेगळ्या ठेवल्या, आणि त्या बाहेरून सारख्या दिसतात हेही कबूल केलं. फरक कळणार तो आतल्या माणसालाच.

आणि गाढ झोपेत तरी आत कुणी असतं का? यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झालाय. अद्वैती म्हणतो, उठल्यावर माणूस 'छान झोपलो, काही कळलं नाही' असं सांगतो. हे स्मरण आहे, आणि अनुभवाशिवाय स्मरण नाही, म्हणजे गाढ झोपेतही साक्षी होता. पतंजलींनीही निद्रेला चित्ताची एक वृत्ती मानलं, वृत्तीचा अभाव नव्हे. न्यायदर्शन मानणारा नैयायिक मान हलवतो: हे स्मरण नाही, अनुमान आहे. अंग हलकं वाटतं, वेळ गेलेला दिसतो, मधलं काही आठवत नाही, त्यावरून तू ठरवलंस की छान झोप झाली. दोघांपैकी कोण बरोबर हे बाहेरून ठरवायचं कसं, याचं उत्तर त्या काळी कुणाकडेच नव्हतं.

आज तो वाद थोडा वेगळ्या जागी चालू आहे. तत्त्वज्ञ इव्हन थॉम्पसन यांनी जेनिफर विंट आणि टोरे नील्सन यांच्यासह २०१६ साली एक निबंध लिहिला: स्वप्नरहित झोपेत जाणीव खरंच नाहीशी होते का? थॉम्पसन यांनी त्याआधीच्या एका पुस्तकात अद्वैती आणि नैयायिकांची ही जुनी हुज्जत सविस्तर मांडलीच होती. विस्कॉन्सिनमध्ये जुलियो टोनोनी यांच्या गटानं दुसरी वाट धरली. डोक्यावर शेकडो तारा लावून माणसांना झोपवायचं, रात्रीतून अनेकदा उठवायचं आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचं: उठवण्याच्या अगदी आधी मनात काय चालू होतं? उत्तरं तीन प्रकारची येतात. काही जण स्वप्न सांगतात. काही म्हणतात, काहीच नव्हतं. आणि बरेच जण डोळे चोळत म्हणतात, काहीतरी होतं, नक्की होतं, पण काय ते सांगता येत नाही.

या तिसऱ्या उत्तराला संशोधक पांढरं स्वप्न म्हणतात. २०१७ साली फ्रान्चेस्का सिक्लारी, टोनोनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वप्न सांगणाऱ्यांच्या आणि 'काहीच नव्हतं' म्हणणाऱ्यांच्या मेंदूत, उठवण्याआधीच्या क्षणांत, डोक्याच्या मागच्या भागात फरक असतो. संथ लहरी तिथे ओसरल्या असतील तर अनुभव असतो. पांढऱ्या स्वप्नांचं काय? तिथेही मागच्या भागातली हालचाल अनुभव असल्याच्याच बाजूची दिसते. अद्वैत्याला हे ऐकून बरं वाटेल. नैयायिक मात्र विचारेल की आठवत नसलेला अनुभव आणि झोपेतून उठताना तयार झालेली समजूत यांत तुम्ही फरक केलात तो कसा. प्रयोगशाळेतले लोक सध्या याच प्रश्नावर भांडताहेत, आणि साक्ष द्यायला दीर्घ साधना केलेली, स्वतःच्या मनाकडे बघण्याची सवय असलेली माणसं हवीत असं त्यांच्यातले काही जण म्हणू लागलेत. अशा माणसाला पेटीत घालायची गरज नाही. उशीवर डोकं ठेवायचं, तारा लावून घ्यायच्या आणि रात्री दोन वाजता कुणी हलवून उठवलं तर न रागावता खरं सांगायचं, एवढीच अट.